हरलेल्यांची बाजू

'एकदा हरला तो हरला. त्याला पुन्हा उभे करण्याची भानगड कशाला?' असे विचारणारा एक पक्ष जगाच्या प्रत्येक व्यवहारात असतो. परीक्षेत असतो, निवडणुकीत असतो, लग्नाच्या बाजारात तर असतोच असतो. हाच पक्ष आता मारामारीच्या व्हिडिओ खेळांच्या स्पर्धांतही जोर करू लागला आहे. त्याच्याशी चार शब्द भांडावे म्हणून हा लेख.

वाचकहो, दिवाळी अंकात हा विषय पाहून चकलीचा तुकडा हातातच धरून बसू नका. पडद्यावर दोन गडी समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या डोक्यावर ताकदीची एकेक पट्टी असते, आणि ज्याची पट्टी आधी संपते तो आडवा होतो, असे खेळ तुमच्या घरातल्या मुलांनी तुम्हांला दाखवले असतील. 'स्ट्रीट फायटर', 'टेक्केन' ही त्यांतली प्रसिद्ध नावे. आईबापांना हा सगळा धिंगाणा वाटतो. वाटू द्या. धिंगाण्याची तरफदारी करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. त्या खेळांचे सामने कसे लावतात, एवढाच माझा प्रश्न आहे. कारण सामने लावणाऱ्याला माणसाविषयी काय वाटते, ते त्याच्या तक्त्यात जितके स्पष्ट दिसते तितके त्याच्या भाषणात दिसत नाही.

कबड्डी-खोखोमुळे दोन रीती आपल्या परिचयाच्या आहेत. साखळीत प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो. बाद पद्धतीत हरला की गाशा गुंडाळायचा. ह्या मंडळींनी तिसरीच रीत धरली आहे. तिला ती डबल एलिमिनेशन म्हणतात. आपण दुहेरी बाद पद्धत म्हणू. हिच्यात तक्त्याला दोन बाजू असतात. सुरुवातीला सगळेच जिंकणाऱ्यांच्या बाजूला. पहिल्यांदा हरलेला घरी जात नाही. तो पराभूतांच्या बाजूला उतरतो आणि आपल्यासारख्याच एकेकदा हरलेल्यांशी खेळत राहतो. तिथे पुन्हा हरला, की मात्र संपले. अखेरीस दोन्ही बाजूंचा शेवटचा उरलेला एकेक गडी समोरासमोर येतो. ह्यांतला एक जण तोवर एकदाही हरलेला नसतो, म्हणून त्याला किताबासाठी एकच सामना जिंकावा लागतो. पराभूतांच्या बाजूने वर आलेल्याला मात्र लागोपाठ दोन जिंकावे लागतात.

मास्तर पडलो, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. चौसष्ट खेळाडू घ्या. साध्या बाद पद्धतीत ६३ सामने होतात आणि पहिल्या फेरीनंतर ३२ जण मोकळे. दुहेरीत विजेत्याखेरीज ६३ जणांना प्रत्येकी दोन पराभव पुरवायचे असतात, म्हणजे १२६ सामने. आणि विजेताही वाटेत एकदा पडलेला असला तर १२७. काम दुप्पट, वेळ जवळजवळ दुप्पट. व्यवस्थापकाच्या कपाळाला आठी पडते ती इथे. पण हाच तक्ता खेळाडूच्या बाजूने वाचा. रजा टाकून, उसने पैसे काढून, रात्रभर बसचा प्रवास करून आलेला कोणीही पोरगा निदान दोन सामने खेळल्याशिवाय परत जात नाही. दोन्ही हरलेल्याला त्यांच्या बोलीत 'शून्य-दोन' म्हणतात, आणि तसे हरून आलेला माणूससुद्धा ते जरा ऐटीतच सांगतो. बाद पद्धतीत त्याला 'शून्य-एक' व्हावे लागले असते. तेवढ्यासाठी बसचे भाडे कोण खर्चील?

ही रीत कोणा कंपनीच्या हुशार अधिकाऱ्याने काढून दिलेली नाही. १९९६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावी एका करमणूक केंद्रात 'बॅटल बाय द बे' नावाची स्पर्धा झाली. चाळीसेक खेळाडू जमले होते. तिचेच पुढे २००२ साली 'इव्हो' असे नामकरण झाले, २००५ साली ती लास व्हेगासला गेली, आणि आज ह्या खेळांची पंढरी म्हणून ओळखली जाते. २०२३ साली तिथे एकट्या 'स्ट्रीट फायटर ६'साठी सात हजारांवर नावे आली. सात हजार! आणि ह्यांतला पहिल्या क्रमांकाचा वीर आणि सात हजारावा नवशिका एकाच तक्त्यात असतात. प्रवेश खुला असतो. शुल्क भरले की नाव लागले. तुमची आधीची कीर्ती काय, तुम्हांला पाठवले कोणी, हे विचारायला दारात कोणी उभे नसते.

आता विरोधकांचे म्हणणे ऐकू या, कारण ते अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, अंतिम सामन्यात एकाला एक विजय पुरतो आणि दुसऱ्याला दोन लागतात. हा विचित्रपणा प्रेक्षकाला समजत नाही. पराभूतांच्या बाजूचा गडी पहिला सामना जिंकला की टाळ्या वाजतात, आणि मग निवेदक सांगतो, 'थांबा, अजून एक आहे.' पाहणारा चिडतो. प्रक्षेपणाची वेळ उलटते. जाहिरातदार घड्याळाकडे पाहतो. त्यापेक्षा निवडक सोळा-बत्तीस जण बोलवावे, साधी बाद पद्धत लावावी, आणि ठरल्या वेळी विजेत्याच्या हातात करंडक द्यावा.

ह्या सज्जनांना मी २००४ सालच्या ऑगस्ट महिन्यात घेऊन जातो. स्थळ कॅलिफोर्नियातले पोमोना. खेळ 'स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक'. एका बाजूला जपानचा दाइगो उमेहारा, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा जस्टिन वाँग. दाइगोच्या गड्याच्या ताकदीच्या पट्टीत केवळ एक रेघ उरलेली. वाँगने आपल्या चुन-ली ह्या स्त्री-पात्राची सर्वांत भारी चाल सोडली. लागोपाठ पंधरा लाथा. त्या नुसत्या हाताने अडवल्या तरी थोडी थोडी ताकद झिजतेच, आणि इथे झिजायलासुद्धा काही उरले नव्हते. एकच उपाय होता. प्रत्येक लाथ अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी, सेकंदाच्या लहानशा तुकड्यात, दांडी शत्रूच्याच दिशेने दाबायची. एक वेळ चुकली की खेळ खलास. दाइगोने पंधराच्या पंधरा परतवल्या आणि लगोलग उलट मारा करून ती फेरी जिंकली. त्या वेळचे ध्वनिचित्रण आजही पाहायला मिळते. त्यात गर्दीचा जो आवाज उसळतो, तो ऐकून खेळातले ओ की ठो न कळणारा माणूससुद्धा खुर्चीत सावरून बसतो.

आता माझा प्रश्न. ही लढत कुठली होती? ही अंतिम लढत नव्हती. ही पराभूतांच्या बाजूची शेवटची लढत होती. म्हणजेच दाइगो आणि वाँग दोघेही त्याआधी त्या स्पर्धेत एकेकदा हरलेले होते! साधी बाद पद्धत असती, तर ह्या खेळांच्या साऱ्या इतिहासातला सर्वांत गाजलेला क्षण घडण्याच्या वेळी दोघेही प्रेक्षकांत बसून काहीतरी खात असते. आणि गंमत पुढेच आहे. ही लढत जिंकून दाइगो अंतिम सामन्याला गेला आणि तिथे आपल्याच देशाच्या केन्जी ओबाताकडून हरला. त्या वर्षीचा विजेता ओबाता. त्याचे नाव आज किती जणांना आठवते?

अंतिम सामन्यातल्या ज्या 'विचित्रपणा'ची तक्रार आहे, त्याविषयीही सांगतो. २०१७ साली 'स्ट्रीट फायटर ५'च्या अंतिम सामन्याला अमेरिकेचा 'पंक' नावाने खेळणारा तरुण न हरता पोचला होता, आणि जपानचा तोकिदो पराभूतांच्या बाजूने चढत आला होता. तोकिदोने एक सामना जिंकला. दोघांच्या खात्यात एकेक पराभव झाला. मग दुसराही जिंकून त्याने किताब घेतला. ह्यात न समजण्यासारखे काय आहे? पंकला जो एक पराभव माफ होता, तोच तोकिदोला आधी माफ झाला होता. सर्वांना सारखी माफी. माझ्या वर्गातल्या सातवीच्या मुलांना हे फळ्यावर दोन रेघा मारून समजते. मोठमोठ्या पगाराच्या माणसांना समजत नसेल, तर त्यांना समजून घ्यायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा एक आक्षेप मात्र अधिक वजनदार आहे, आणि तो खेळाडूंच्याच गोटातून येतो. ह्या स्पर्धांत एकेक सामना तीनपैकी दोन डावांचा, फार तर शेवटी शेवटी पाचपैकी तीन डावांचा. सात हजार माणसे तीन दिवसांत निकाली काढायची म्हटल्यावर दुसरे करणार काय? पण एवढ्या थोडक्यात खरा श्रेष्ठ कोण ते ठरते काय? जाणकार म्हणतात, ठरत नाही. ते ठरवायला दहा विजयांची लढत हवी: जो आधी दहा डाव जिंकेल तो खरा. तेवढ्या वेळात एकाची युक्ती दुसऱ्याला कळते, दुसरा तिच्यावर तोड काढतो, पहिला त्या तोडीवर तोड काढतो, आणि शेवटी स्वभाव उघडा पडतो. तोच तोकिदो, २०१७चा विजेता, २०१८च्या मार्चमध्ये दाइगोने भरवलेल्या 'केमोनोमिची' नावाच्या कार्यक्रमात दाइगोसमोर दहाच्या लढतीला बसला आणि १०-५ असा हरला.

मग काय, स्पर्धेचा किताब खोटा? मला तसे वाटत नाही. कादंबरी आणि कथा ह्यांत खरी कोणती, असे विचारण्यासारखे ते आहे. दहाची लढत दोनच माणसांची असते. तिला आधीच मोठे असलेले दोघे लागतात. अनोळखी माणसाला ती दार उघडत नाही. ते काम तक्त्याचेच. दोन्ही हवे, आणि दोन्ही एकाच छपराखाली हवे. म्हणून तर मी पुढे जोड-कार्यक्रमांकडे येणार आहे.

त्याआधी जपानच्या 'तोगेकी'चे नाव घेतले नाही, तर जाणते वाचक माझे कान धरतील. २००३ ते २०१२ ह्या काळात जपानात ही प्रतिष्ठेची स्पर्धा होत असे आणि तिथे साधी बाद पद्धत होती. अनेक खेळांत तिघातिघांचे संघ असत. हरले की घर. तिच्या कडकपणाचे गोडवे आजही गातात. पण तिथे नाक्यानाक्यावर खेळघरे होती. शंभर येनचे नाणे टाकायचे. जिंकणारा बसून राहतो, हरणारा उठतो, आणि वाटले तर पुन्हा नाणे टाकून बसतो. देशभरच्या खेळघरांतून निवड होऊन माणसे शेवटच्या स्पर्धेला येत. म्हणजे दुसरी, तिसरी, तिसावी संधी त्यांना रोज संध्याकाळी मिळत होती. वर्षाकाठी एकदा दीड हजार मैल येणाऱ्याला तोच न्याय लावणे हा कडकपणा नव्हे. ती नुसती कंजुषी आहे.

आता जोड-कार्यक्रम. मोठ्या स्पर्धेत मुख्य व्यासपीठावर सात-आठ खेळ असतात. पण मागच्या दालनांत त्याहून कितीतरी अधिक चाललेले असते. कोणी आपापली यंत्रे घरून उचलून आणतात आणि वीस वर्षांपूर्वीच्या, पंचवीस वर्षांपूर्वीच्या खेळांचे सामने स्वतःच लावतात. कोणी पूर्वेचे पाच विरुद्ध पश्चिमेचे पाच असे संघ पाडतात. रात्री हॉटेलच्या एखाद्या खोलीत पलंग भिंतीला सरकवून पैजेचे सामने लागतात. हरून चिडलेल्या माणसाला तिकडे 'खारट' म्हणतात, म्हणून अशा खोलीचे नावही 'सॉल्टी सूट'. पैजेचे पैसे मास्तर म्हणून मला पसंत नाहीत, हे इथे नमूद करून ठेवतो. पण दिवसा तक्त्यात ज्यांची गाठ पडली नाही, त्यांनी रात्री ती पाडून घ्यावी ह्यात गैर काय?

शिकागोजवळ भरणाऱ्या 'कॉम्बो ब्रेकर'मधला एक प्रकार मला सर्वांत आवडतो. तिथे गूढ खेळाची स्पर्धा असते. खुर्चीत बसेपर्यंत दोघांनाही ठाऊक नसते, की खेळ कोणता येणार. एखादा विस्मृतीत गेलेला, कोणी कधी पाहिला नसेल असा खेळ समोर येतो. दोघेही बटणे चाचपडत एकमेकांना विचारतात, 'लाथ कुठल्या बटणाला?' जगज्जेत्याचे सारे पाठांतर वाया जाते आणि कोणी तरी चष्मेवाला पोरगा त्याला धूळ चारतो. सारे दालन हसत असते, हरणारासुद्धा. घरात दिवाळीला पत्त्यांचा डाव मांडल्यावर आजी जिंकते, तेव्हा जसे हसू फुटते तसे. फ्लोरिडातल्या 'सीईओ' स्पर्धेत मात्र शेवटचे सामने चक्क कुस्तीच्या रिंगणात लावतात आणि २०१८ साली तर जपानी व्यावसायिक कुस्तीचा खेळही जोडीला ठेवला होता. हे मला जरा अति वाटते. पण अति झाले तरी ते खेळणाऱ्यांनी हौसेने केलेले अति आहे.

ह्या मागच्या दालनांना जे 'जत्रेतला गोंधळ' म्हणतात, त्यांनी थोडा इतिहास पाहावा. वर ज्या 'थर्ड स्ट्राइक'ची गोष्ट सांगितली, तो खेळ १९९९ सालचा. मुख्य व्यासपीठावरून तो पुढे बरीच वर्षे उतरला. त्याला जगवले कोणी? जपानात दर वर्षी पाचापाचांच्या संघांची 'कोऑपरेशन कप' भरवणाऱ्यांनी, आणि मागच्या दालनात जुनी यंत्रे मांडून बसणाऱ्यांनी. २०२४ साली इव्होने हा खेळ पुन्हा मुख्य व्यासपीठावर घेतला, तेव्हा जपानचा हायाओ विजेता झाला. तोही ह्यूगो नावाचा अवजड, धिमा, शहाणी माणसे ज्याच्या वाटेला जात नाहीत असा गडी घेऊन! पंचवीस वर्षांचा खेळ. नवा माल विकण्यातच ज्याचा नफा, त्या कंपनीने तो एवढी वर्षे जपला असता काय?

निंटेंडो कंपनीच्या 'स्मॅश ब्रदर्स मेली' ह्या २००१ सालच्या खेळाची कथा आणखी बोलकी आहे. २०१३ साली इव्होत एका जागेसाठी चुरस लावली: स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनाला ज्या खेळाचे चाहते सर्वाधिक देणगी देतील, तो खेळ व्यासपीठावर येईल. सगळ्यांची मिळून सव्वादोन लाख डॉलरांवर देणगी जमली, आणि त्यांतले ९४ हजारांवर एकट्या 'मेली'च्या चाहत्यांचे. जागा त्यांनी मिळवली. आणि खेळाच्या मालकांनी काय केले? प्रक्षेपणाला हरकत घेतली! लोक असे खवळले, की त्याच दिवशी ती मागे घ्यावी लागली. पण मालकाची वृत्ती मागे गेली नाही. २०२३ च्या नोव्हेंबरपासून त्याच कंपनीने नियम लागू केले, की स्वतंत्र परवाना नसेल तर प्रत्यक्ष भरणाऱ्या स्पर्धेत दोनशेहून अधिक खेळाडू नकोत, प्रवेशशुल्क वीस डॉलरांपलीकडे नको, आणि बक्षिसांची रक्कम पाच हजार डॉलरांवर नको. ज्यांनी खेळ जगवला, त्यांच्याच अंगणाला कुंपण!

विरोधक म्हणतील, मालकी त्यांची आहे. असेल. चेंडू विकणाऱ्याने मैदानात किती पोरांनी उतरावे हे ठरवले, तर आपण त्याला काय म्हणू?

खुल्या दाराने काय होते ह्याचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत जपानातल्या फुकुओका येथे इव्होची जपानी स्पर्धा होती. खेळ 'टेक्केन ७'. जपान आणि कोरिया ह्यांच्या बाहेरचे कोणी जिंकेल असे कोणाच्या स्वप्नात नव्हते. लाहोरहून अर्सलान अॅश नावाचा एक तरुण व्हिसाच्या आणि विमानांच्या खटपटीतून कसाबसा पोचला आणि जिंकला. त्याने जगाला सांगितले, की आमच्याकडे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. लोक हसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासलाही तोच जिंकला. मग कोरियाचा नामांकित खेळाडू नी स्वतः पाकिस्तानात जाऊन तिथल्या पोरांशी खेळून आला. आणि २०२५ साली इव्होत 'टेक्केन ८'च्या अंतिम सामन्याला दोन्ही खुर्च्यांवर पाकिस्तानीच बसले होते. आता मला सांगा, २०१९ साली 'निवडक सोळा' बोलावणाऱ्या शहाण्यांनी लाहोरला निमंत्रण धाडले असते काय?

वयाचेही तसेच. हांगचौ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत 'स्ट्रीट फायटर ५'चे सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वू ह्याने ४-३ असे जिंकले, तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. ही बातमी मी घरात दोनदा मोठ्याने वाचून दाखवली.

'पण आपला ह्याच्याशी संबंध काय?' असे विचारण्याची सोय आता उरलेली नाही. २०२५ साली सोनी कंपनीने इव्होमधला आपला हिस्सा नॉडविन गेमिंग ह्या भारतीय कंपनीला विकला, आणि त्या कंपनीत मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजचे भांडवल आहे. लास व्हेगासच्या त्या तक्त्यावर तेव्हा आपल्याकडच्या पैशाचा हात पडला. पैसा म्हटला की फायद्याचा विचार येणारच. फुकट कोणी काही चालवावे असे मी म्हणत नाही. पण मी त्या मंडळींना एवढेच विचारतो: कोल्हापूरचा किंवा नांदेडचा एखादा पोरगा शुल्क भरून आला, तर त्याचे नाव जगज्जेत्याच्या तक्त्यात लागणार आहे ना? सकाळी दहा वाजता तो पहिला सामना हरला, तर अकरा वाजता त्याची खुर्ची त्याच्यासाठी ठेवलेली असेल ना? आणि तोही हरून तो मागच्या दालनात गेला, तर तिथली टेबले, जुनी यंत्रे आणि ती मांडणारी हौशी माणसे जागच्या जागी असतील, की तिथे शीतपेयाचे दुकान लागलेले असेल?